फराळाचं ताट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. असं काही लिहिण्याचा मला अधिकार नाही, तरी लिहितोय, सांभाळून घ्यावं.

ताई तालुक्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. आई आणि दाजी तिच्यापाशी, तिची दोन पोरं माझ्यापाशी. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. सुतक असलेल्या घरात कढई चढत नाही, तिथे शेजारी असं ताट पाठवतात. म्हणून माझा हात पुढे होईना.

"पोरांसाठी आहे रे, धर," काकू खाली बघत म्हणाल्या.

पोरं उन्हात बसून खाऊ लागली. चिमीने एक चकली बाजूला काढली. "ही आईला."

"आईला मोडकी ठेव," धाकटा म्हणाला, "ती मोडकीच खाते."

मला हसू आलं. मोठ्यांच्या काळजीला खेटून मुलं इतकी निवांत बसतात, याचं त्या दिवशी नवल वाटलं. दिवसभर फोन वाजला नाही, याबद्दल मी मनोमन हात जोडले.

दिवेलागणीला दाजी आले. ताई पहाटेच गेली होती. पोरांची दिवाळी होऊ दे, म्हणून सगळी गल्ली दिवसभर गप्प राहिली होती.