बोट ओढणारी गाडी आणि बैलाची मान

प्रिय नील आणि अन्वी,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी अंगणातली नवी बोट दाखवली आणि विचारलं, "आई, ही ओढायला कुठली गाडी घेऊ?" ते चेष्टेनं विचारत होते. लातूरच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या आजीला बोटीतलं काय कळणार, असं तुलाही वाटलं असणार नील, कारण तू हसलास. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदा नेमकं हेच काम केलं आहे, आणि आधी चुकवलंही आहे. सांगायला सुरुवात केली तर तुमची झोपायची वेळ झाली. म्हणून लिहिते आहे. बाबा गाडी बुक करण्याआधी त्यांना हे वाचायला लावा.

मी तेव्हा नांदेडला उपअभियंता होते, यांत्रिकी विभागात. धरणं बांधणारे वेगळे. त्यांची दारं, पंप, क्रेन आणि गाड्या चालत्या ठेवणारे आम्ही. पूर आला की बचावाची बोट पाण्यापर्यंत नेण्याचं कामही आमच्याकडेच होतं. बोट फायबरची, मागे इंजिन, आणि ती ठेवायला दोन चाकांचा ट्रेलर.

एका पावसाळ्यात कंधारच्या पुढच्या एका गावाला पाण्यानं वेढलं. आम्ही बोट ट्रॅक्टरला जोडून निघालो. आमच्याकडे काहीही ओढायचं म्हटलं की आधी ट्रॅक्टर आठवतो. ट्रॅक्टरनं ती ओढलीही, पण आपल्या चालीनं. वाटेत एक रस्ता बंद निघाला, वळसा घ्यावा लागला. लोक शाळेच्या छपरावर भिजत उभे. बोट पोचली तेव्हा दिवस मावळला होता. सरपंच सुमनबाईंच्या सासू त्या छपरावर पाच तास होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना बोटीत उतरवलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, बैलगाडीनं आलाव का?"

पुढे वीस दिवस त्या दवाखान्यात होत्या. वाचल्या. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि राहिला.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सुमनबाईंचा फोन आला. "मॅडम, पाऊस तोंडावर आला. यंदा काय करायलाव तुम्ही? आमच्या म्हातारीला परत छपरावर बसवायचं का?"

मी त्यांना शब्द दिला. सरकारी माणसानं शब्द देऊ नये, कागद द्यावा, असं आमचे साहेब म्हणायचे. साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता. शिस्तीचे होते, थोडे हौशीही.

आमच्या आवारात तीन वाहनं होती. पहिला तोच ट्रॅक्टर. ताकद भरपूर, वेग नाही. दुसरी साहेबांची नवी एसयूव्ही. ती दिसायला धिप्पाड, पण इंजिनाचा जोर फक्त पुढच्या चाकांना मिळणारी. तिला बोट जोडून आम्ही जलाशयाच्या ओल्या उतारावर नेली. वर चढताना ट्रेलरच्या ओढीनं गाडीची मागची बाजू दबली, पुढची हलकी झाली आणि पुढची चाकं जागीच फिरायला लागली. साहेब काठावर छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "मॅडम, टायर नवे आहेत हो, घासतील!" ती चाचणी तिथेच संपली.

तिसरी होती एका बंद पडलेल्या प्रकल्पावरून आलेली जुनी डिझेल पिकअप. तिचा जोर चारही चाकांना देता यायचा, आणि तिला लो गिअर होता. लो गिअर म्हणजे गाडी मुंगीच्या पावलानं चालते, पण हत्तीचा जोर लावते. त्याच उतारावर तिनं बोट अशी वर आणली की साहेबांची छत्रीसुद्धा हलली नाही. मला वाटलं, झालं. आता रस्त्यावर चालवून बघायची, एवढंच राहिलं.

बोट ट्रेलरवर चढवायचं काम हणमंत मिस्त्रींचं. मुखेडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, हाताला सोनं. त्यांनी बोट बसवली, दोर आवळले, मग ट्रेलरचा दांडा एका हातानं उचलून दाखवला. दांडा म्हणजे ट्रेलरचा पुढे आलेला लोखंडी भाग, जो गाडीच्या हुकात अडकतो.

"बघा मॅडम, फुलावानी उचलतंय. गाडीवर काहीच भार न्हाई."

मला ते आवडलं. तपासणीच्या कागदावर मी लिहिलं: हुकावरचा भार नगण्य, उत्तम.

गाडी चालवायला गफूरभाई होते. कंधारचे. खात्यात येण्याआधी बरीच वर्षं ट्रक चालवलेले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही लोह्याच्या रस्त्याला लागलो. चाळीसच्या वेगापर्यंत सगळं ठीक होतं. पन्नासला मागून हलका धक्का जाणवला. मग दुसरा. आरशात बघितलं तर बोट डावीकडे, मग उजवीकडे, दरवेळी आधीपेक्षा जास्त. समोरून एसटी येत होती.

"ब्रेक मारा!" मी ओरडले.

गफूरभाईंनी ब्रेक मारला नाही. ऍक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि पुटपुटले, "चूप बैठ, बेटा, चूप बैठ." ते मला म्हणत होते की बोटीला, हे मी आजवर विचारलेलं नाही. वेग उतरला तशी बोट शांत झाली. एसटी हॉर्न वाजवत गेली. ड्रायव्हरनं खिडकीतून आमच्या घराण्याची चौकशीही केली.

परत आम्ही वीसच्या वेगानं आलो. एवढ्या वेगात तर ट्रॅक्टरही येतो.

त्याच दिवशी मी रिपोर्ट लिहिला. पिकअप वजनाला हलकी आहे, बोट तिला हलवते, सबब या कामास अयोग्य. सही केली, साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब वाचून खूश झाले.

"मग नव्या मोठ्या गाडीचा प्रस्ताव पाठवू. वर्षभर इन्स्पेक्शनलाही कामाला येईल."

"मंजुरी कधीपर्यंत येईल, साहेब?"

"दिवाळीपर्यंत, असं समजा."

दिवाळीपर्यंत पावसाळा संपलेला असतो. मी माझ्या खोलीत येऊन बसले. सुमनबाईंना फोन करायला हवा होता. केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरभाई दारात उभे. टोपी हातात.

"मॅडम, एक अर्ज हाय. तोंडीच."

"बोला."

"गाडीचा कसूर न्हाई. तिला उगाच बदनाम करू नका."

"गफूरभाई, तुम्ही काल स्वतः चालवत होता. हलत नव्हती का?"

"हलत व्हती. पण गाडी न्हाई हलली, बोट हलली. मला अर्धा तास द्या आन् वाळूच्या दोन गोण्या द्या. तरीबी हलली, तर मीच तुमच्या रिपोर्टवर अंगठा देतो."

गफूरभाईंना झकास सही करता यायची. अंगठा ही त्यांची नेहमीची चेष्टा.

त्यांनी दोन्ही गोण्या बोटीच्या अगदी नाकाशी ठेवल्या. आता दांडा एका हातानं उचलेना. हणमंत मिस्त्री अस्वस्थ झाले. "अहो, सगळा भार गाडीच्या मानेवर आला की!"

"येऊ द्या," गफूरभाई म्हणाले. "तिला मान न्हाई, मिस्त्री. स्प्रिंगा हायेत."

आम्ही पुन्हा लोह्याच्या रस्त्यावर गेलो. चाळीस. पन्नास. साठ. बोट मागून अशी आली, जशी रुळावर आहे.

परतताना मला सगळं समजलं, आणि लाज वाटली. बैलगाडी भरताना आपल्याकडे एक रीत आहे. ओझं चाकांच्या आसावर तोलायचं. पुढे जास्त झालं तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मान सोलते. शहाणा शेतकरी बैलाची मान सांभाळतो. हणमंत मिस्त्रींनी तीच माया पिकअपवर केली होती. बोट मागे सरकवून त्यांनी गाडीची मान वाचवली होती. बैल चालतो ताशी चार किलोमीटर, तिथे हे बरोबर. पन्नासच्या वेगाला मात्र मागे जड असलेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. बोटीच्या आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर असावा, हे मी कॉलेजात इंग्रजीतून शिकले होते. पण औशाजवळच्या आमच्या गावात वडिलांची गाडी भरताना पाहिलेलं त्याच्याही आधी शिकले होते. मिस्त्रींनी दांडा उचलून दाखवला तेव्हा पहिलं विसरले आणि दुसऱ्याला मान डोलावली.

स्टोअरमधला काटा आणून मी दांडा त्यावर टेकवला. गोण्या काढून वजन घेतलं: बावीस किलो. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून अकराशे. हवे होते एकशे दहाच्या आसपास. गोण्या कायमच्या ठेवायच्या नव्हत्या, बचावाच्या बोटीत वाळू काय कामाची? म्हणून मिस्त्रींनी बोटच पुढे घेतली, दीड वीत. काट्यावर एकशे आठ आले. बोटीचं नाक जिथे टेकतं तो लोखंडी ठोकळा त्यांनी नव्या जागी वेल्ड केला आणि ट्रेलरच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाची पट्टी मारली. बोट या पट्टीच्या मागे बसवायची नाही.

"बापानं शिकवलेलं चुकलं म्हनायचं का मॅडम?" त्यांनी विचारलं.

"नाही मिस्त्री. बैल बदलला, एवढंच."

मग साहेबांकडे गेले. सही केलेला रिपोर्ट परत मागणं सोपं नसतं, मुलांनो. साहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, काल अयोग्य, आज योग्य? गाडीनं रात्रीत अभ्यास केला का?"

"गाडीनं नाही साहेब, मी केला. तोही ड्रायव्हरनं करून घेतला. काल चूक माझी होती. तसं लिहून देते."

ते चष्मा पुसत राहिले. नवी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावी. मग म्हणाले, "लिहून द्या. पण मी स्वतः बसल्याशिवाय सही करणार नाही." आणि खरंच त्या जुन्या पिकअपमध्ये, माझ्या आणि गफूरभाईंच्या मध्ये, गुडघे गिअरपासून वाचवत, ते लोह्यापर्यंत आले. साठच्या वेगाला त्यांनी डोळे मिटले होते. परत आल्यावर सही केली. प्रस्ताव मागे घेतला. हौस बाजूला ठेवणारे अधिकारी मी फार पाहिले नाहीत. त्यांची मी आजही ऋणी आहे.

ऑगस्टमध्ये सुमनबाईंचा फोन आला. सकाळची वेळ होती. "मॅडम, पाणी चढायलंय." दीड तासात बोट पाण्याच्या काठाला होती. गफूरभाईंनी लो गिअरमध्ये ट्रेलर चिखलात उतरवला, बोट सोडली. पाच खेपा झाल्या. दुपारी जेवणाच्या वेळेला गाव कोरड्या जागी होतं. छपरावर चढायची वेळच आली नाही.

सुमनबाईंच्या सासू दुसऱ्या खेपेला आल्या. हणमंत मिस्त्रींनी त्यांना हात धरून उतरवलं. त्यांनी मला ओळखलं. पिकअपकडे बघितलं, बोटीकडे बघितलं.

"यंदा बैल बरे हायेत," म्हणाल्या.

तेव्हा बाबांना सांगा: बोट पाण्याबाहेर कशी काढणार ते आधी बघा, मग गाडी बघा. गाडी पसंत पडली की बोट नीट बसवा. आणि गाडी नापास करण्याआधी ती चालवणाऱ्याला विचारा. मी ते विचारलं नव्हतं. त्यानं न विचारता सांगितलं, ही माझी पुण्याई नाही, त्याचा चांगुलपणा.

गफूरभाई आता कंधारला असतात, दर ईदला फोन करतात. साहेब पुण्याला मुलाकडे असतात. हणमंत मिस्त्री अजून नोकरीत आहेत. पिकअप दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली. ट्रेलर नांदेडच्या शेडमध्ये आहे, आणि त्यावरची पांढरी पट्टी मिस्त्री दर मे महिन्यात नव्यानं रंगवतात.

तुमची आजी