कोंडाआत्याची बाज

माझी कोंडाआत्या भूकंपापासून स्लॅबखाली झोपलेली न्हाई. त्या पहाटे घराचं मातीचं माळवद बसलं, त्यात तिचा नवरा गेला, दोन लेकरं गेली. पुढं सरकारनं किल्लारीच्या अलीकडं पक्कं घर दिलं. आत्यानं त्यात कडबा भरला, शेळ्या बांधल्या, आणि समोर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर ठोकून बाज टाकली. छपराच्या मेढीला बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात चूल. तीस वर्षं अशीच गेली. पत्रा पडला तर पडला, टेंगूळ येईल फार तर, म्हणायची.

मी किल्लारी-लातूर जीप चालवतो. घरांची सरकारी पाहणी यायची असली की आदल्या दिवशी हापिसातनं फोन यायचाच. मग मी जीप उभी करून कडबा, शेळ्या बाहेर काढायचो, बाज आत न्यायचो. आत्या उंबऱ्यावर उभी राहून पाहणीवाल्यांना आपला फोटो काढू द्यायची. साहेब गेले की बाज परत बाहेर. वस्ती हसायची, आत्याही हसायची.

औंदा फोनच आला न्हाई. कुणी राहत नसलेली घरं परत घ्यायची म्हणून सरकारी गाडी अचानक दारात. आत्या सोयाबीन काढायला गेलेली. गाडीतनं उतरलेल्या मॅडम तरुण, बोलायला मऊ. कडबा बघून विचारलं, इथं राहतं कोण? घर गेलं तर म्हातारीच्या नावावर उरतंय काय?

"माझी आत्याच राहते की, मॅडम. ते छप्पर शेळ्यांचं हाय. दुपारची जरा टेकती तिथं, बस."

त्यांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. मी बी ऐटीत केली. संध्याकाळी आत्याला सांगितलं, वाचवलं बघ तुझं घर. तिनं माझी अलाबला घेतली.

आठ दिवसांनी छपराला नोटीस डकवली. राहायला पक्कं घर आहे, रस्त्यावरचं शेळ्यांचं छप्पर हे अतिक्रमण, काढून टाका. माझ्या जिभेला हाडच न्हाई बघा. हापिसात पळालो, खरं ते सांगितलं. कारकून चिडला बी न्हाई. आत राहत नसतील तर घर परत घेऊ, म्हणाला, आणि छप्पर रस्त्यावर हाय, ते तसंही जाणारच. काय लिहून देता? मी काय लिहिणार, कपाळ! तसाच परत आलो.

काल माणसं आली. पत्रे काढून भिंतीला नीट लावले, बाज उचलून घरात ठेवली. कुणी वाकडा शब्द बोललं न्हाई, मग भांडावं तरी कुणाशी? आत्या फोटो पदरात धरून उंबऱ्यापाशी आली. एक पाय आत टाकला, वर स्लॅबकडं बघितलं आणि पाय मागं घेतला.

"धम्मा, मी आत ऱ्हाते म्हणून तूच सही केलीस ना?" ती म्हणली. "मग सांग की बाबा, आत कसं ऱ्हायचं असतंय?"