कपाशीच्या एका फुलाचे तीन रंग

'महिनाभर फुकट वापरून बघा' असं कोणी म्हटलं की मी आधी पर्स सांभाळते. बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात निम्मं आयुष्य गेलं, स्वभावच तसा झालाय. फोटो काढायचा मला नाद आहे, तेही रॉमध्ये. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाईल. तिचा फोटो सॉफ्टवेअर बनवतं. अशी तीन सॉफ्टवेअरं लॅपटॉपवर होती आणि एकावरही माझा भरवसा नव्हता. एकाच फाईलवर तिघांची परीक्षा घ्यायची, एवढं ठरवलं होतं. कुठे, ते रेहानाच्या फोनमुळे ठरलं.

रेहाना माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. बुलडाण्याजवळ देऊळघाटला राहते, नवऱ्यासोबत शेती करते. "कॅमेरा घेऊन ये वो. दुकानदारानं मले भेसळीचं बियाणं देल्लं. मोबाईलवरचा फोटो दाखवला तं म्हणते, रंग चढवला." तिने घेतलेल्या बीटी कपाशीच्या वाणाला मलईच्या रंगाचं फूल येतं, आणि शेतात मधूनमधून चक्क पिवळी फुलं निघाली होती. तक्रारीनंतर शेत बघायला सरकारी समिती येईल तेव्हा येईल, फुलं तोवर थांबत नाहीत. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. शेत तिच्या नावावर, म्हणून तालुक्याच्या कृषी कार्यालयात दिलेली तक्रारही तिच्याच नावाने. सोमवारी सुनावणी होती. "खोटी ठरली तं गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यत," ती म्हणाली. मी रजा टाकली.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने मलकापूर, तिथून बुलडाण्याची एसटी. मोताळ्याला गरम मिरचीभजी मिळतात, पण तेलाचा रंग बघून मी केळी घेतली. राजूरच्या घाटात खिडकी मिळाली तर झोपू नका, पोळ्यानंतर तो सगळा हिरवागार असतो. बुलडाण्याहून देऊळघाटला काळीपिवळी जीप जाते. "निघूनच राह्यलो ना मॅडम," असं म्हणत ड्रायव्हरने आणखी चौघं कोंबली. मी कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसले.

रेहानाचा नवरा युसूफभाई म्हणजे देवमाणूस. आल्याआल्या भाकरी, ठेचा, मटणाचा रस्सा. शनिवारी सकाळी माझा ट्रायपॉड त्यांनीच खांद्यावर घेतला, शेतात फुलावर छत्री धरून उभे राहिले. "फूल जवळून घ्या ताई. झाडाचं काय काम?" मी फूल जवळून घेतलं.

दुपारी लाईट असेपर्यंत परीक्षा उरकली. महिनाभरानंतर पैसे मागणारं सॉफ्टवेअर सगळ्यात चपळ, पण फाईल उघडल्याउघडल्या त्याने आपल्या अकलेने रंग सुधारला आणि पिवळं फूल मलईचं करून टाकलं. रेहाना माझ्याकडे बघतच राहिली. "हे काऊन असं केलं तू?" मी केलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून मलाच चोरट्यासारखं झालं. कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरने फिकट पिवळं दाखवलं. ते इतकं हळू चालतं की मध्ये चहा होतो. कायमच्या फुकटवाल्यात बटणंच बटणं, आणि फूल हळदीइतकं पिवळं.

"हेच द्या," युसूफभाई म्हणाले.

मलाही तेच द्यावंसं वाटलं, आणि तिथेच मी सावध झाले. मैत्रिणीच्या सोयीचा तोच रंग खरा, असं कसं म्हणायचं? सकाळी तोडलेलं फूल स्क्रीनशी लावून पाहिलं, तर ते मलूल होऊन कडेने गुलाबी पडायला लागलेलं.

रविवारी सकाळी मी पुन्हा शेतात गेले, या वेळी एकटी. मलईचं फूल आणि पिवळं फूल एकाच चौकटीत येईल अशा जागा शोधल्या, थोडं मागे सरून झाडं बुंध्यापासून घेतली. आता तिन्ही सॉफ्टवेअरं आपापला रंग देत होती, पण दोन फुलांतला फरक एकालाही पुसता आला नाही. तुम्हीही असंच करा: रंगाचा पुरावा हवा असेल तर एकटं फूल टिपू नका, शेजारचंही घ्या. बुलडाण्यात तिन्हींची एकेक प्रिंट काढली. स्टुडिओवाल्याला, रंगाला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलं.

सोमवारी तालुक्याच्या कार्यालयात दुकानदार आधीच येऊन बसला होता. चेहऱ्यावरूनच लबाड, असं मी ठरवूनही टाकलं होतं. "फोटो रंगवलेले आहेत," तो म्हणाला. कृषी अधिकारी साहेबांनी तिन्ही प्रिंट शेजारी शेजारी मांडल्या. कोणता रंग खरा, विचारलं. "ते मी सांगू शकत नाही," मी म्हणाले, "पण झाडं दोन जातींची आहेत, हे तिन्ही सांगतात." रेहानाने माझा हात दाबला. मला फार अभिमान वाटला स्वतःचा.

साहेब मात्र अजून फोटोच बघत होते. "ही पिवळ्या फुलांची झाडं सगळी ठेंगणी आहेत. मागाहून लावली का?" मग आमच्यासोबत आलेल्या युसूफभाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "नांग्या कशाने भरल्या?" नांग्या म्हणजे बी न उगवल्याने ओळीत राहिलेल्या रिकाम्या जागा. बीटीच्या पाकिटासोबत साध्या सरकीचं एक लहान पाकीट येतं, ते शेताच्या कडेने पेरायचं असतं; त्याचं फूल पिवळं असू शकतं.

युसूफभाई खाली बघत म्हणाले, "ते कडेचं पाकीट वाया काऊन घालवाचं म्हणून..."

रेहानाने माझा हात सोडला. तिला हे माहीतच नव्हतं. दुकानदाराकडे बघायची मला लाज वाटली. तीन सॉफ्टवेअरं, ड्रायव्हर, स्टुडिओवाला, भज्यांचं तेल, सगळ्यांवर संशय घेतला मी. छत्री धरून उभ्या असलेल्या माणसावर घेतला नाही.

घरी आल्यावर कॅमेरा कंपनीचंच सॉफ्टवेअर ठेवलं, बाकी दोन काढून टाकली. हळू आहे, पण आपल्या मनाचं काही घालत नाही. कोणी विचारलं तर हेच सांगते.

रेहानाचा फोन गेल्या आठवड्यात आला. तक्रार तिने मागे घेतली. बाजाराला आता युसूफभाई एकटेच जातात, ती जात नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग ती म्हणाली, "फोटो लय साफ आले वो तुये. थोडे खराब आले असते, तं बरं झालं असतं."