खड्ड्यांना तांबडी कडी

"लग्नात घोड्यावर बसताना एवढी तयारी केली नव्हती ह्यांनी!" समोरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. मी आमच्या उंबऱ्यात डबा घेऊन उभी होते. सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि समोरचे काका आत मोटारसायकलसाठी सजत होते. सजणं सुरू झालं की निदान वीस मिनिटं तरी जात.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर आजवर जेवढी माणसं मोटारसायकलीवर बसली असतील, त्यांत काकांइतका सावध माणूस झाला नसेल, आणि त्यांच्याइतका हळू माणूस होणं तर शक्यच नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली आणि दोन महिने रहाटणीच्या माळावर गोल गोल फिरून ती शिकले. हौस म्हणून नव्हे. त्यांच्या कारखान्याची नवी शेड निघोज्याच्या बाजूला उभी राहिली, त्यांची बदली तिकडे झाली, आणि तिथे वेळेवर पोचवणारी बस नव्हती. त्याच शेडच्या ऑफिसात मला टायपिस्टची नोकरी लागली. वडिलांनी होकार दिला तो एका अटीवर: काकांबरोबर जायचं, काकांबरोबर यायचं. म्हणजे माझी नोकरी काकांच्या मागच्या सीटएवढी होती. ती सीट गेली की नोकरी गेली.

काका तपासणी खात्यात होते. तिथे भोक बरोबर पडलं आहे की नाही हे पाहायला दोन टोकांचा एक गेज असतो. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. वीस वर्षं हे काम केल्यावर काकांना सगळ्या जगाचे हे दोनच भाग दिसायला लागले होते. पुढे बैलगाडी असली, समोरून ट्रक येत असला, की ते हेल्मेटच्या आतून पुटपुटत, "नो-गो," आणि बैलांच्या मागे बैलांच्याच चालीने चालू लागत. ट्रक जाई, रस्ता पार मोशीपर्यंत रिकामा दिसे, तरी काका मागेच. एकदा गाडीवाल्याने वळून पाहिलं.

"ओ सायेब, जावा की म्होरं! माझी बैलं लाजाय लागली!"

"मापात बसत नाही," काका म्हणाले.

"आवो, हत्ती जाईल हत्ती!"

"हत्तीचं माप मला माहीत नाही. माझं नो-गो आहे."

ऋतूप्रमाणे हे माप बदलत असे. काकांच्या मते कुठलंही अचूक माप वीस अंश तापमानाला घ्यायचं असतं, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडे. "उन्हाने सगळं फुगतं बाळ. लोखंड फुगतं, अंदाजही फुगतो," असं म्हणून ते दर दोन झाडांमागे एका झाडाखाली थांबत, आणि टाकीवर हात ठेवून तिचा ताप पाहत. थंडीत शर्टाच्या आत पुढून एक आणि मागून एक असं वर्तमानपत्र, वर स्वेटर, वर कोट, वर मफलर. वळण आलं की सगळे कागद एकदम कुरकुरत. इंद्रायणीच्या पुलावर धुकं असलं, तर ते खाली उतरून गाडी हातात धरत आणि चालत पूल ओलांडत. मागून मी, साडीचा घोळ सावरत. शेतावर निघालेल्या बायका आम्हाला हसत. "पेट्रोल संपलं व्हय ओ?" काका गंभीरपणे म्हणत, "पेट्रोल आहे. दिसत नाही."

मी काहीच म्हणत नसे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही तिथली शिस्त माझ्या अंगात फार खोल मुरली होती. शाळा सुटली तरी ती सुटली नाही. काकांना मात्र हे फार पसंत होतं. वडिलांना ते कौतुकाने सांगत, "हिला मागे घेतलं की गाडीवर वजन येतं, आवाज येत नाही. एकदम पास माल!"

त्यांच्या खात्यात नापास झालेल्या वस्तूवर तांबडा रंग लावतात. एका रविवारी काका तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन निघाले, आणि भोसरीपासून पुढे दिसेल त्या खड्ड्याभोवती कडं काढत सुटले. मोशीत हाहाकार झाला. रस्त्यावर तांबडी खूण म्हणजे रस्ता रुंद होणार, घरं जाणार, एवढंच लोकांना ठाऊक. सोमवारी एका म्हातारीने मोटारसायकल अडवली.

"आमची पडवी जातीया का ओ सायेब?"

"नाही बाई. हा फक्त खड्डा नापास झाला आहे."

"मंग त्याला पास कोन करनार?"

या प्रश्नाने काका पुढचे चार दिवस अस्वस्थ होते. पण कड्यांचा उपयोग झाला हे खरं. काका नजर समोर ठेवून एकेक कडं चुकवत जात. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, त्यामुळे मला दिसे ती रस्त्याची कड. कुठल्या बाभळीनंतर कुठलं कडं, हे मला आपोआप पाठ झालं.

काकांच्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. पाऊस.

ऑगस्टमधली ती सकाळ. रात्रभर पडून रस्त्यावर पाण्याची एकच चादर झाली होती. तिच्याखाली कडी, कड्यांत खड्डे. काका म्हणाले, "आज सगळंच नो-गो आहे, पण कंपनी चालू आहे," आणि चालण्याच्या वेगाने निघाले. वीटभट्टी मागे पडली. भट्टीनंतर पंधरा-वीस पावलांवर सगळ्यांत मोठं कडं होतं, आणि आम्ही सरळ त्याच्यावर चाललो होतो. मला ठाऊक होतं. "काका" हा शब्द ओठांपर्यंत आला. वीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला मी काय सांगणार, असा विचार मधे आला, आणि तेवढ्यात पुढचं चाक खाली गेलं.

आम्ही दोघं चिखलात बसलो होतो. "लागलं का बाळ?" काकांनी आधी विचारलं. मला लागलं नव्हतं. त्यांचा गुडघा सोलला होता. मग त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढून पाण्यात बुडवली. "साडेसहा इंच," ते खिन्नपणे म्हणाले.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मागोमाग काकू. बाहेर मोटारसायकलीच्या हँडलला कारखान्यातली तांबडी चिठ्ठी बांधलेली होती, नाकारलेल्या मालाला बांधतात तशी.

"दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे," काका वडिलांना म्हणाले. "तुमची मुलगी माझ्या भरवशावर होती. मी आजपासून रिजेक्ट."

"सत्तावीस वर्षांत माझ्या आमटीला कधी चिठ्ठी लावली नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि आज स्वतःला लावताय?"

कोणी हसलं नाही. वडिलांनी खिडकीतून बाहेरची चिठ्ठी पाहिली. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, राव. पोरीची नोकरी इथवरच होती म्हणायची."

काका मान खाली घालून बसले. ना कोट, ना मफलर, ना आतली वर्तमानपत्रं. त्या सगळ्याच्या आत एवढा लहानसा माणूस होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी चहा घेऊन दारात उभी होते. सगळी चूक ते एकटे आपल्या अंगावर घेत होते, आणि त्यातली निम्मी कुणाची हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी कप खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, आणि तिघंही माझ्याकडे वळले. "तो भट्टीजवळचा खड्डा मला माहीत होता. मी बोलले नाही. उद्यापासून खड्डे मी सांगत जाईन. मोठ्याने."