अण्णांचं जाणं आणि बिनबॅटरीचा सोलार

वडील जाऊन सात तास झाले होते, तेव्हा मला कळलं की सोलारची योजना निवडताना मी चुकलो होतो.

आधी कळायला वाव नव्हता असं नाही. पण पॅनल बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या दिवसांत नळदुर्गात लाईट गेली ती दरवेळी रात्रीच. रात्री सूर्य नसतो, एवढं मला माहीत होतं. (मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो.)

योजना दोन होत्या. पॅनलवाल्यानं आमच्या हॉलमध्ये बसून कागदावर नीट समजावून सांगितल्या. एक बिनबॅटरीची. दिवसा जी जादा वीज तयार होईल ती लाइनीत सोडायची आणि बिलातून वजा करून घ्यायची. दुसरी बॅटरीची. ती महाग, पण... तो ‘पण’ म्हणाला आणि मी त्याला थांबवलं.

अण्णा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी उभा जन्म शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्यात घालवला होता. विजेशी त्यांची ओळख बोटांची होती, माझी पुस्तकातली.

“लाईट गेल्यावर हे चालतंय का?” त्यांनी विचारलं.

“अण्णा, लाईट गेली म्हणून सूर्य कुठं जातोय?”

“सर, तसं न्हाय ते,” पॅनलवाला म्हणाला.

“अहो, मी शिकवतो हे.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग पॅनलवाल्याकडं बघितलं. “दत्ता, बॅटरीचं घे,” एवढंच म्हणाले आणि कुशीवर आडवे झाले. मी बिनबॅटरीचं घेतलं. वर घरातला जुना इन्व्हर्टरही भंगारात देऊन टाकला. आता त्याचं काय काम, म्हणून.

वैशाखातल्या एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. सुमन, माझी बायको, चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा अंग गार पडायला लागलं होतं. बहीण लता विजयवाड्याला असते. फोनवर ती रडली नाही. म्हणाली, “दादा, मी निघालेच. पण मी येईपर्यंत अण्णांना हलवू नको. मला तोंड बघू दे.”

“नाही हलवत,” मी म्हणालो. शब्द दिला.

ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती आणि ऊन असं होतं की नऊलाच अंगणातल्या फरशीवर पाय ठरेना. म्हणून मयत ठेवायची काचेची थंड पेटी मागवली. अण्णांना तिच्यात ठेवलं, बटण दाबलं, पेटी घुंऽऽ करायला लागली. मामा, म्हणजे माझ्या दिवंगत आईचे भाऊ, तालुक्याहून आले होते. त्यांनी काचेवर हात फिरवला आणि म्हणाले, “झ्याक केलंस दत्ता. आता घाई न्हाय.”

बाराला लाईट गेली.

हायवेवर एका ट्रकनं विजेचा खांब पाडला होता. चार-पाच तास लागतील, असं कळलं. बायका रडायच्या थांबल्या, कारण पेटीचा आवाज थांबला होता. मी हात वर करून सगळ्यांना धीर दिला.

“काळजी नको,” मी म्हणालो. “आपल्याकडं सोलार आहे.”

सगळे पेटीकडं बघत बसले. मीही बघत बसलो. पेटी काही बोलेना.

“येळ लागतोय का त्याला?” मामांनी विचारलं.

मी जिन्याखालच्या यंत्राकडं गेलो. त्यावरचा हिरवा दिवा विझून लाल झाला होता. मी दोन बटणं दाबली, जी दाबायची नव्हती. परत आलो तर हॉलमध्ये नुसत्या बायका. मामा आणि आणखी तिघं बादली, फडकी घेऊन गच्चीवर गेले होते.

“धूळ बसली आसंल,” मामांचं म्हणणं. चौघांनी मिळून भर दुपारी, उघड्या पायांनी उड्या मारत, सगळी पॅनलं आरशासारखी पुसून काढली. खाली रस्त्यावर मातीला आलेली माणसं मान वर करून बघत होती. ज्याच्या घरी मयत आहे त्याच्या गच्चीवर धुणंपुसणं चाललंय, असं त्यांनी आधी कधी पाहिलं नसावं.

मी पॅनलवाल्याला फोन लावला.

“सर, तवाच सांगत हुतो,” तो म्हणाला. “मेन लाईन गेली की तुमचं सोलार आपोआप बंद हुतंय. न्हाय तर तिकडं वायरमन खांबावर चढलेला आसतोय आन् तुमची वीज उलटी लायनीत गेली की मरंल की वो त्यो.”

“अहो, इथं मयत आहे.”

तो घाबऱ्या आवाजात, “वायरमनची?”

“नाही. अण्णांची.”

“शॉक बसून?”

“झोपेत,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मामांना सगळं समजावून सांगणं भाग होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, घाम पुसला आणि विचारलं, “म्हंजे लाईट आसली तरच तुझ्या सोलारची लाईट येती?”

“हो.”

“मंग लाईट आसताना सोलार कशाला पायजे?”

याचं उत्तर मला येत होतं, पण तिथं उभं राहून देता येईना.

मंडपवाल्याकडं जनरेटर होता, पण तो एका लग्नात गेला होता. मी फोन केला तेव्हा मागं बँड वाजत होता. “अक्षता पडल्या की पाठवतो सर,” तो म्हणाला. “चार तर वाजतील.” तोवर पेटीच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली होती. अण्णांचा चेहरा अंधुक झाला. सुमन माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “अहो, लताताईंना काय सांगायचं?”

वडील गेल्यावर सकाळपासून मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. लोकांना वाटलं, आत्ता कुठं दुःख बाहेर पडलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

मार्ग काढला सलीमभाईंनी. त्यांची स्टँडजवळ रसवंती आहे. अण्णा रोज संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर बसायचे. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. धंदा बंद केला आणि बर्फाच्या सगळ्या लाद्या पोत्यांत गुंडाळून रिक्षातून घरी आणल्या.

“सर, तुम्ही बाजूला व्हा,” ते म्हणाले.

पण मी बाजूला झालो नाही. आम्ही दोघांनी बर्फ फोडला, पिशव्यांत भरला आणि अण्णांच्या दोन्ही अंगांना, पाठीखाली, मानेशी लावला. मी त्यांना उचललं तेव्हा ते इतके हलके होते की मला दचकायला झालं. कधी एवढे वाळले ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सलीमभाई पिशवी सरळ करत पुटपुटले, “रोज म्हनायचे, सलीम, आपल्या रसात बर्फ नको, घसा धरतो. माफ करा अण्णा.”

जनरेटर काही आला नाही. लता पाचला आली. सरळ पेटीपाशी गेली. आम्ही काच बाजूला केली. बर्फाच्या गारव्यानं अण्णांच्या कपाळावर पाण्याचे थेंब जमले होते.

“दादा, अण्णांना किती घाम आलाय,” ती म्हणाली आणि पदरानं त्यांचं कपाळ पुसत बसली. पुसलं की पुन्हा थेंब येत. ती पुन्हा पुसे. मी मानेजवळची बर्फाची पिशवी हळूच मागं सरकवली.

लाईट आली ती आम्ही स्मशानात असताना. घरी परतलो तर रिकामी पेटी जोरात चालू होती. बायकांपैकी कुणाला तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. मी बटण बंद केलं. काच बर्फासारखी गार होती.

दहाव्यानंतर आमच्या शाळेचे गणिताचे सर भेटायला आले. अण्णांबद्दल चांगलं बोलले. मग जरा पुढं सरकून म्हणाले, “सर, वेळ बरोबर नाही, पण विचारतो. आम्हालाही सोलार बसवायचाय. तुम्हाला अनुभव आहे. कोणती योजना घ्यावी?”

मी मनापासून सांगायचं ठरवलं. निदान एका माणसाचं तरी माझ्यामुळं भलं व्हावं, असं वाटलं.

“घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?” मी विचारलं.

“आई आहे की. का बरं?”

“मग बॅटरीचीच घ्या.”

ते चहा न घेताच गेले. आता शाळेत माझ्या शेजारी बसत नाहीत. मात्र बॅटरी घेतली, असं ऐकतो. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यात माझं म्हणणं कुणी मनावर घेतल्याची ही पहिलीच वेळ.