खऱ्या तोंडचा आकडा

संगीता मुलगी आणि सामान घेऊन माझ्या खोलीत बसली होती. जिन्यात मला जे आत्ताच कळलं ते तिला कसं सांगावं, हेच सुचत नव्हतं. तिला अंजनगावहून मीच बोलावलं होतं. नवरा सुधारला, आता या, असं फोनवर सांगितलं होतं. त्या भरवशावर तिनं माहेरी सुरू केलेलं शिवणकाम सोडलं आणि मुलीचं तिथल्या शाळेतून नाव काढलं.

मी अमरावतीत व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. दारूवाले जास्त येतात, पण हल्ली आम्ही जुगारवाल्यांचाही वेगळा ग्रुप चालवतो. संगीताचा नवरा प्रल्हाद बडनेऱ्याला रेल्वेत. त्याला मटक्याचा नाद. मटका म्हणजे आकड्यावर पैसे लावायचे. तोच निघाला तर कितीतरी पट मिळतात. खेळणाऱ्याला आकडा कुठेही दिसतो, स्वप्नात, स्कूटरच्या नंबर प्लेटवर. कॉलेजांत जाऊन मी हे भाषणात सांगते. तरीही फसले.

ग्रुपमध्ये आमचा एक रिवाज होता. न खेळता किती दिवस काढले ते प्रत्येकानं आधी सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्रल्हाद एकही मीटिंग चुकवत नसे. नवीन माणूस बोलू लागला की मान पुढे काढून ऐकायचा. मला वाटायचं, काय माया आहे या माणसाला!

संगीता आली त्याच दिवशी रफिकभाईंनी मला जिन्यात गाठलं. ते ग्रुपमधलेच, पंक्चरचं दुकान आहे त्यांचं. हळूच म्हणाले, "मॅडम, ते दिवस सांगनं बंद करा. प्रल्हाद खाली उतरला का आपल्याच लोकायच्या दिवसायचे आकडे मटक्यावर लावते. एकडाव मी बी लावला."

"लागला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मलाही माझीच लाज वाटली.

लपवून काही उपयोग नव्हता. प्रल्हादला खोलीत बोलावलं आणि संगीतासमोरच विचारलं. वाटलं, कानावर हात ठेवेल. तो शांतपणे म्हणाला, "माहे दिवस तं खोटेच होते, मॅडम. पन बाकीच्यायचे खरे होते ना. खऱ्या तोंडचा आकडा लागते."

माणसं रडतरडत काढलेले दिवस सांगत होती, आणि मी टाळ्या वाजवून त्याला रोजचा माल पुरवत होते.

संगीतानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "मंग मले कावून बोलावलं तुमी?"

ती मुलीला घेऊन आल्या पावली परत गेली. मुलीला त्याच शाळेत पुन्हा घ्यावं म्हणून हेडमास्तरांना मी फोन केला. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

आता ग्रुपमध्ये कोणी दिवस सांगत नाही. शेवटचं कधी खेळलो, ते माझ्याशी एकट्यात बोलायचं. प्रल्हाद अजून येतो. मध्ये एकदा खाली बघत म्हणाला, "काल खेयलो." त्याच्याकडून ऐकलेलं पहिलं खरं वाक्य. संगीताला कळवलं, तर ती म्हणाली, "बरं. सांगू द्या त्याले असंच."

ती अजून परतलेली नाही. मीही कुठल्याच बायकोला 'आता या' असं म्हणत नाही. कधी यायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.