शेवटपर्यंत बसलेलीचं मत

थिएटरात तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. सव्वीस वर्षं अंधारात लोकांना खुर्च्या दाखवून हाताला सवयच जडली होती. उजेड पायाशी पाडायचा, तोंडावर नाही. जिभेला मात्र असली काही सवय नव्हती. तिथं भीडभाड कुणाचीच नाही.

दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दोन खेळांच्या मधल्या वेळात, कामगार मंडळी तिकीटखिडकीमागे जमून वर्षातल्या सर्वांत टुकार सिनेमाला बक्षीस देत. बक्षीस म्हणजे मोडक्या खुर्चीचा हात, सोनेरी रंग फासलेला. नियम एकच. ज्यानं वर्षातले सगळे सिनेमे शेवटपर्यंत पाहिले त्यालाच मत, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. नियम बॅटरीबाईचाच. नावं ठेवायची तर आधी भोगा, असं तिचं म्हणणं.

यंदा पंचाईत झाली. मालकांच्या मुलानंच सिनेमा काढला होता. पहिल्याच खेळाला मध्यंतरानंतर एकेक करून सगळं थिएटर रिकामं झालं, मशीनवालासुद्धा मशीन चालू ठेवून चहाला सटकला. शेवटपर्यंत बसली ती एकटी बॅटरीबाई, आणि दुसरा खेळ लागलाच नाही. म्हणजे मत एकच, आणि ते कुठं पडणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

मालकांनी बक्षिसाच्या आदल्या दिवशी तिला बोलावून बजावलं, बक्षीस दुसऱ्या कुणाला द्या, नाहीतर बॅटरी टेबलावर ठेवून घरी जा. घरी सून म्हणाली, नसतं झेंगट कशाला, एक खोटं बोलून मोकळ्या व्हा. नोकरीची धास्ती बॅटरीबाईला होतीच. पण या थिएटरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, तो नियम, आणि नेमका तोच मोडायला सांगत होते. तिला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मालक मुलाला घेऊन स्वतःच येऊन उभे राहिले. बॅटरीबाईनं आपली बॅटरी आधीच टेबलावर ठेवली, सोनेरी हात उचलला आणि मुलाच्याच सिनेमाचं नाव घेतलं.

"हिला सिनेमातलं काय कळतं?" मालक म्हणाले. "उत्तम झालाय सिनेमा."

"मालक, नियमानं तुम्हाला बोलता येत नाही," ती म्हणाली. "मध्यंतरानंतर दहा मिनिटांत तुम्ही उठलात. पायरीवर अडखळलात तेव्हा उजेड मीच धरला होता."

मुलगा वडिलांकडे बघत राहिला. तो स्वतः त्या खेळाला आला नव्हता; शेवट बघून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

मग तो तिच्याकडे वळला. "तुम्हाला कसा वाटला शेवट?"

"भिकार," ती म्हणाली. "पण मी पाहिला."

त्यानं सोनेरी हात तिच्याकडून मागून घेतला. पुढच्या खेळाची घंटा झाली, तशी टेबलावरची बॅटरी उचलून त्यानंच तिच्यापुढे धरली. मालकांच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं ती घेतली आणि दारं उघडायला गेली.